वाढीचा हिशेब आणि झिजणारे मुद्दल

एखाद्या देशाचा विकासदर वाढल्याची बातमी येते तेव्हा तिचे स्वागत होते, आणि त्याच आठवड्यात कुठे खाणीसाठी जंगल तोडण्यावरून, तर कुठे नदीचे पाणी वळवण्यावरून वाद पेटलेला असतो. वर्तमानपत्रात या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. वादाची मांडणीही ठरून गेल्यासारखी असते: एका पारड्यात रोजगार आणि उत्पन्न, दुसऱ्या पारड्यात झाडे आणि नद्या, आणि वाचकाने कोणती तरी एक बाजू घ्यायची. ही मांडणी अपुरी आहे. ज्याला आपण वाढ म्हणतो तिच्यात खरी कमाई किती आणि साठवलेले विकून हाती आलेला पैसा किती, हा प्रश्न त्या वादात बहुधा विचारलाच जात नाही. तो विचारला की वादाचे स्वरूप बदलते, आणि काही ठिकाणी उत्तरही सापडते.

वाढ म्हणून नेमके काय मोजले जाते?

विकासदर ज्या आकड्यावरून काढतात त्याला सकल देशांतर्गत उत्पादन, म्हणजेच जीडीपी, म्हणतात. देशाच्या हद्दीत वर्षभरात तयार झालेल्या सर्व अंतिम वस्तूंचे आणि सेवांचे बाजारभावाने केलेले एकूण मूल्य, एवढाच त्याचा अर्थ. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत बसवणाऱ्यांपैकी एक प्रमुख अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी संसदेला सादर केलेल्या अहवालातच बजावले होते की या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही. त्यांचा इशारा मागे पडला आणि आकडा मात्र सर्वत्र स्वीकारला गेला.

या हिशेबातली उणीव समजण्यासाठी बँकेतल्या मुदत ठेवीचा विचार करावा. ठेवीवर मिळणारे व्याज हे उत्पन्न आहे. ते खर्च केले तरी पुढच्या वर्षी तेवढेच पुन्हा मिळते. पण कोणी दरवर्षी मुद्दलातूनही रक्कम काढून खर्च करू लागला आणि ती सगळी रक्कम ‘उत्पन्न’ म्हणून लिहू लागला, तर त्याची वही काही वर्षे भरभराटच दाखवील. जीडीपीची वही अशीच लिहिली जाते. जंगल तोडून विकलेले लाकूड, जमिनीतून काढलेले खनिज, समुद्रातून उपसलेली मासळी यांच्या विक्रीतून झालेली मूल्यवृद्धी तिच्यात जमा होते; मागे उरलेले जंगल किती, खनिज किती, मासळी किती, याची नोंद त्या वहीत नसते. कारखान्यातले यंत्र झिजते तेव्हा त्याचा घसारा वजा करून निव्वळ उत्पादन काढण्याची सोय आहे, परंतु नदी, माती आणि जंगल यांचा घसारा आजवर त्या वजाबाकीत धरला गेलेला नाही. निसर्गातल्या या साठ्यांना अर्थशास्त्रात ‘नैसर्गिक भांडवल’ म्हणतात.

ही उणीव केवढी मोठी असू शकते, हे इंडोनेशियाच्या एका अभ्यासातून दिसले. रॉबर्ट रेपेटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्या देशाचा १९७१ ते १९८४ या काळाचा हिशेब पुन्हा मांडला. अधिकृत आकड्यांप्रमाणे अर्थव्यवस्था दरवर्षी सरासरी ७.१ टक्क्यांनी वाढत होती. खनिज तेल, जंगल आणि माती या तिन्हींची झीज वजा केल्यावर तोच दर ४ टक्क्यांवर आला. तेव्हाही वाढ खोटी नव्हती, कारण चार टक्के ही चांगलीच गती आहे. पण जाहीर झालेल्या वाढीतला बराच मोठा भाग मुद्दलातून आलेला होता, आणि शिल्लक साठ्यांची नोंदच नसल्यामुळे धोरण आखणाऱ्यांसमोरच्या कोणत्याही तक्त्यात तो दिसत नव्हता.

सगळी साधनसंपत्ती एका मापाने मोजता येत नाही

‘शाश्वत वापर’ हा शब्दप्रयोग इतका सैल झाला आहे की त्यातून काय करायचे ते कळेनासे झाले आहे. संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये दिलेली व्याख्या सर्वत्र सांगितली जाते: पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या गरजा भागवणारा विकास तो शाश्वत विकास. हेतू योग्य आहे, पण कोणत्या खाणीतून किती टन काढावे हे त्यातून कळत नाही. अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांनी १९९० च्या सुमारास मांडलेले तीन नियम मला अधिक उपयोगी वाटतात. मासे, जंगल, भूजल यांसारखी जी साधने स्वतःला पुन्हा निर्माण करतात, ती त्यांच्या पुनर्निर्मितीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वापरू नयेत. तेल, कोळसा, खनिजे यांसारखी जी पुन्हा निर्माण होत नाहीत, ती त्यांना पर्याय उभा करण्याच्या वेगानेच संपवावीत. आणि हवा, पाणी, माती यांच्यात टाकला जाणारा कचरा त्यांच्या सामावून घेण्याच्या क्षमतेपलीकडे जाऊ नये.

या तीन नियमांच्या सीमारेषा प्रत्यक्षात तितक्या स्वच्छ नसतात. अमेरिकेच्या मध्यभागातल्या मैदानांखाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे आणि त्यावर टेक्सास, कॅन्सस, नेब्रास्का या राज्यांतील शेती उभी आहे. पाणी हे एरवी पुन्हा भरणारे साधन, पण या साठ्याच्या दक्षिणेकडच्या भागात पुनर्भरण इतके संथ आहे की तिथले पाणी व्यवहारात खनिजासारखेच संपते आहे, आणि काही ठिकाणी पातळी तीस मीटरपेक्षाही खाली गेली आहे. साधनाचे नाव काय यापेक्षा ते भरण्याचा वेग आणि उपसण्याचा वेग यांतले नाते काय, हे त्या त्या जागी मोजावे लागते.

जिवंत साठे: कमी काढल्याने जास्त मिळते

पहिला नियम ऐकून अनेकांना वाटते की हा त्याग करण्याचा उपदेश आहे. प्रत्यक्षात त्यामागे गणित आहे. समुद्राच्या एखाद्या भागात मासे अगदी भरपूर असतील तर अन्न आणि जागा यांची मर्यादा येऊन त्यांची संख्या फारशी वाढत नाही. मासे फार थोडे उरले असतील तर जन्माला घालणारेच कमी, म्हणून वाढ पुन्हा कमी. या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी वार्षिक वाढ सर्वांत जास्त असते. साठा त्या मधल्या पातळीवर राखला तर दरवर्षी सर्वाधिक मासळी कायम काढता येते. साठा त्याखाली घसरला की जास्त जहाजे, जास्त इंधन आणि जास्त श्रम लावूनही हाती कमी येते. जागतिक बँकेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार समुद्रातील मासेमारीच्या अतिरेकामुळे जगाला वर्षाकाठी सुमारे ८३ अब्ज डॉलरच्या संभाव्य लाभाला मुकावे लागते. येथे निसर्गाचे नुकसान आणि अर्थव्यवस्थेचे नुकसान एकच आहे.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटालगतच्या समुद्रातील कॉड माशाची कथा या विषयावर काम करणाऱ्या सर्वांना ठाऊक असते, आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिथे काही शतके कॉडची मासेमारी चालली होती आणि साठा टिकून होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मासे पकडून तिथेच गोठवणारी अजस्र जहाजे अनेक देशांतून येऊ लागली, आणि १९६८ मध्ये पकड सुमारे आठ लाख टनांवर पोहोचली. त्यानंतर ती झपाट्याने उतरली. १९७७ मध्ये कॅनडाने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीवर स्वतःचा अधिकार प्रस्थापित केला, आणि परदेशी जहाजे हटल्यावर साठा सावरेल अशी आशा निर्माण झाली. झाले उलटेच, कारण रिकाम्या झालेल्या जागेत देशाचा स्वतःचा ताफा सरकारी मदतीने वाढवण्यात आला.

पकडीची वार्षिक मर्यादा शास्त्रज्ञांच्या अंदाजावरून ठरत होती, तरीही चूक झाली. अंदाज बऱ्याच अंशी मोठ्या जहाजांना तासाला किती मासळी मिळते यावर आधारलेले होते. कॉडची संख्या घटली तरी उरलेले मासे दाट थव्यांनी एकत्र राहत आणि सुधारित उपकरणे ते थवे अचूक शोधून काढत. त्यामुळे साठा आटत असतानाही जाळी भरत राहिली. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे लोक मासे कमी आणि लहान होत चालल्याचे १९८० च्या दशकातच सांगत होते, पण त्यांच्या म्हणण्याला आकडेवारीचे वजन नव्हते. २ जुलै १९९२ रोजी सरकारने या कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली. ती दोन वर्षांसाठी असल्याचे तेव्हा सांगितले गेले. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला, आणि बंदी प्रत्यक्षात २०२४ पर्यंत टिकली. त्या वर्षी जी व्यावसायिक मर्यादा ठरवली गेली ती १८ हजार टनांची होती. आठ लाख टनांच्या शेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

‘साधन कोणाच्या तरी मालकीचे केले की तो मालक ते जपतो’ असा एक युक्तिवाद यावर केला जातो. तो अर्धाच खरा आहे. कॅनडाचे गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की एखाद्या प्राण्याची नैसर्गिक वाढ बाजारातील व्याजदरापेक्षा संथ असेल, तर फक्त नफा पाहणाऱ्या एकमेव मालकालासुद्धा सगळे प्राणी आजच मारून तो पैसा गुंतवणे फायद्याचे ठरू शकते. देवमासे आणि सावकाश वाढणारे जुने वृक्ष या गणितात हरतात. मालकी हा एक उपाय आहे, पण जिथे निसर्गाचा वेग पैशाच्या वेगापेक्षा कमी आहे तिथे कायद्याने घातलेली मर्यादा लागतेच.

संपणारे साठे: पैशाचे पुढे काय केले?

खनिज काढले की ते कमी होणारच. ते मुळीच काढू नये असे म्हटले तर त्याचा कोणालाच उपयोग नाही. म्हणून येथे प्रश्न बदलतो. जमिनीतली संपत्ती कमी होत असताना तिच्या बदल्यात दुसरी कोणती संपत्ती उभी राहिली? जॉन हार्टविक या अर्थतज्ज्ञांनी १९७७ मध्ये याचा नियम मांडला: संपणाऱ्या साधनातून मिळणारा अतिरिक्त लाभ चालू खर्चात न उडवता शिक्षण, यंत्रे, रस्ते, आर्थिक गुंतवणूक अशा भांडवलात रूपांतरित करावा.

नाउरू हे प्रशांत महासागरातील सुमारे २१ चौरस किलोमीटरचे बेट. तिथे फॉस्फेटचे उत्तम साठे होते आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून परकीय सत्तांनी ते काढून नेले. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यानंतर नाउरूच्या लोकांना त्या उत्पन्नाचा खरा वाटा मिळू लागला, आणि काही काळ त्यांचे दरडोई उत्पन्न जगातल्या सर्वाधिक उत्पन्नांपैकी एक होते. पुढच्या पिढ्यांसाठी निधीही उभारला गेला होता, पण चुकीच्या गुंतवणुकींनी आणि बेबंद खर्चाने तो जवळजवळ संपला, फॉस्फेटही संपले, आणि बेटाचा मोठा मधला भाग खणून उजाड झाला. नॉर्वेला समुद्रात तेल सापडले ते १९६९ मध्ये. १९९० मध्ये कायदा करून त्या देशाने तेलाच्या उत्पन्नासाठी निधी स्थापन केला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम भरली, आणि २००१ मध्ये ठरवले की सरासरीने निधीच्या अपेक्षित वास्तव (म्हणजे महागाई वजा जाता उरणाऱ्या) परताव्याइतकीच रक्कम अर्थसंकल्पात वापरायची. आधी हा परतावा ४ टक्के धरला होता, २०१७ मध्ये तो ३ टक्क्यांवर आणला. मुद्दल राखून व्याज खर्च करण्याचा नियम एका देशाने कायद्यात आणि राजकीय शिस्तीत उतरवला, असे म्हणता येईल.

नॉर्वेचे उदाहरण मात्र इथेच थांबवले तर ते अपुरे ठरेल. तिथून निघालेले तेल जगभर जाळले गेले आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड सर्वांच्या हवेत गेला. एका देशाची वही व्यवस्थित असूनही पृथ्वीची वही बिघडू शकते, आणि डेली यांचा तिसरा नियम नेमका यासाठीच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० च्या वर आहे. मानवी उत्सर्जनातला साधारण निम्मा भाग समुद्र आणि वनस्पती शोषून घेतात. उरलेला साचत राहतो.

‘तंत्रज्ञान मार्ग काढेल’

हा आक्षेप मोकळेपणाने तपासायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. १९८० मध्ये जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक आणि अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी पैज लावली. तांबे, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन या पाच धातूंच्या किमती महागाई वजा करता दहा वर्षांत वाढतील, असे एर्लिक यांचे म्हणणे होते. सायमन यांचे उलट. १९९० मध्ये सायमन जिंकले. धातू महाग होण्याची चाहूल लागली की नव्या खाणी शोधल्या जातात, भंगार पुन्हा वापरले जाते आणि पर्याय शोधले जातात. सौर विजेचेही तसेच: २०१० नंतरच्या दशकात तिचा खर्च ८० टक्क्यांहून अधिक उतरला.

पण त्या पैजेत धातू होते, हे विसरू नये. धातूला मालक असतो आणि बाजारात किंमत असते, म्हणून टंचाईची सूचना किमतीतून सर्वांपर्यंत पोहोचते. खुल्या समुद्रातल्या माशाला, जमिनीखालच्या पाण्याला किंवा हवेच्या शोषणक्षमतेला अशी किंमत नसते. त्यांची टंचाई बाजारात कोणालाच जाणवत नाही. ज्या साधनांच्या बाबतीत आपण खरे अडचणीत आलो आहोत ती बहुतांश याच दुसऱ्या गटातली आहेत.

कार्यक्षमतेबद्दलही एक जुना इशारा आहे. १८६५ मध्ये इंग्लिश अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी दाखवले की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली तेव्हा कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती अधिक ठिकाणी वापरली जाऊ लागली. साधी आकडेमोड करून पाहिली तरी हे लक्षात येते. अर्थव्यवस्था वर्षाला ३ टक्क्यांनी वाढत असेल आणि रुपयामागे लागणारे साहित्य वर्षाला २ टक्क्यांनी घटत असेल, तर एकूण वापर तरीही जवळपास १ टक्क्याने वाढतच राहतो आणि साधारण सत्तर वर्षांत दुप्पट होतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या आकडेवारीप्रमाणे १९७० मध्ये जग वर्षाला सुमारे ३० अब्ज टन साहित्य निसर्गातून काढत होते. आज ते प्रमाण १०० अब्ज टनांच्या पुढे आहे. त्याच काळात लोकसंख्या दुपटीपेक्षा थोडी अधिक झाली. म्हणजे माणशी वापरही वाढला आहे.

तरीही एकूण वापर घटवत वाढ साधणे अशक्य नाही. ब्रिटनमधील हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत निम्म्यावर आले आणि त्याच काळात तिथली अर्थव्यवस्था सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. यातला काही भाग कारखाने देशाबाहेर गेल्याचा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण कोळशावरची वीज जवळजवळ बंद करून नंतर पूर्णच बंद केली, हा बदल कागदावरचा नाही. तो आपोआप घडला नाही. कायदा, कर आणि नियोजन यांनी तो घडवला.

‘आधी श्रीमंत होऊ द्या, स्वच्छता नंतर करू’

श्रीमंत देशांनी हेच केले, मग इतरांना का अडवता, हा प्रश्न न्यायाचा आहे आणि तो टाळता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालाप्रमाणे उच्च उत्पन्नाच्या देशांतील माणूस गरीब देशांतील माणसाच्या सहापट साहित्य वापरतो. ज्यांच्याकडे पुरेशी वीज, घर आणि दवाखाना नाही त्यांचा वापर वाढलाच पाहिजे, आणि मर्यादांचा भार आधी जास्त वापरणाऱ्यांनी उचलला पाहिजे. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती ‘नंतर करू’ या शब्दांबद्दल. शहराची धुरकट हवा खरोखर नंतर स्वच्छ करता येते. अनेक देशांनी गंधकाचे उत्सर्जन उत्पन्न वाढल्यावर घटवले. पण नामशेष झालेली प्रजाती परत येत नाही, वाहून गेलेली सुपीक माती तयार व्हायला शतके लागतात, आणि कॉडचा अनुभव वर सांगितलाच आहे. शिवाय वाट पाहण्याच्या काळात नुकसान कोणाचे होते तेही पाहावे. १९६० च्या दशकापासून अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाकडे वळवण्यात आले आणि एके काळी जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर असलेला अरल समुद्र आटला. कापसाचे उत्पन्न देशाच्या हिशेबात जमा झाले. मासेमारी गमावणारे आणि आटलेल्या तळावरून उडणारी खारट धूळ श्वासात घेणारे लोक मात्र किनाऱ्यावरच्या गावांतले होते. उत्तरेकडील लहान भागात २००५ मध्ये कझाकस्तानने बांध पूर्ण केल्यावर पाणी आणि मासे काही प्रमाणात परतले. दक्षिणेकडच्या मोठ्या भागाला ते भाग्य लाभले नाही.

‘मग वाढच थांबवावी का?’

काही अभ्यासक असे सुचवतात, निदान श्रीमंत देशांपुरते. त्यांचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे, पण २०२० चा अनुभव बोलका आहे. महासाथीमुळे जगाचा व्यवहार ठप्प झाला, कोट्यवधी लोकांचे उत्पन्न गेले, आणि तरी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन त्या वर्षी सुमारे ५ टक्क्यांनीच घटले. पुढच्या वर्षी त्यातला बहुतेक भाग भरून निघाला. वीजघर कोळशाचेच राहिले तर व्यवहार आकसल्याने फार थोडे साधते. कशाची वाढ व्हावी आणि कशाची घट व्हावी, हे वेगवेगळे ठरवणे जास्त फलदायी आहे. ओझोन थराला धोका पोहोचवणाऱ्या रसायनांबाबत १९८७ च्या माँट्रियल करारानंतर नेमके हेच झाले. त्या रसायनांचा वापर जवळजवळ संपला, आणि शीतकपाटे बनवण्याचा उद्योग मात्र वाढतच राहिला.

किंमत लावली तर भार कोणावर पडेल?

ज्या नुकसानीची किंमत तो व्यवहार करणाऱ्याला द्यावी लागत नाही, ती त्याच्याकडून कररूपाने वसूल करावी, ही कल्पना ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडली. स्वीडनने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला. नंतर तिथले उत्सर्जन घटले आणि अर्थव्यवस्था वाढली. फ्रान्समध्ये मात्र २०१८ मध्ये इंधनावरील करवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला ती मागे घ्यावी लागली. रोज दूरवर गाडीने कामाला जाणाऱ्या, दुसरा पर्याय नसलेल्या माणसाच्या खिशातून पैसे काढायचे आणि ते त्याला कोणत्याही रूपात परत दिसू द्यायचे नाहीत, असे धोरण टिकत नाही. कराचा पैसा थेट कुटुंबांना परत देणे किंवा आधी पर्याय उभे करणे ही त्यातली पूर्वअट आहे.

नवा कर लावण्याआधी जुनी अनुदाने तपासणे तर आणखी सोपे असायला हवे. साठा संपवण्यासाठीच सरकारी पैसा खर्च होतो आहे, हे अनेक देशांत आजही घडते. जागतिक व्यापार संघटनेने मासेमारीच्या घातक अनुदानांविरुद्धचा करार जून २०२२ मध्ये स्वीकारला आणि तो सप्टेंबर २०२५ मध्ये अमलात आला. उशीर झाला, पण पाऊल योग्य दिशेचे आहे.

नियम पाळणार कोण?

जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये असा निष्कर्ष काढला होता की सर्वांसाठी खुले असलेले कुरण उजाड होणे अटळ आहे, कारण प्रत्येक जण आणखी एक जनावर सोडण्यातच स्वतःचा फायदा पाहतो. त्यावर उपाय दोनच: सरकारी बडगा किंवा खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हा निष्कर्ष प्रत्यक्ष गावांमध्ये तपासला आणि त्या कामासाठी त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांनी दिलेले एक उदाहरण स्वित्झर्लंडमधील टोर्बेल गावाचे आहे. तिथे १५१७ च्या नियमाप्रमाणे ज्याला हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तितक्याच त्याने उन्हाळ्यात सामायिक कुरणावर सोडायच्या. नियम मोजायला सोपा आहे, शेजाऱ्याला तपासता येतो आणि मोडल्यास दंड आहे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडवणारे शेतकऱ्यांचे न्यायमंडळ आजही दर गुरुवारी भरते.

ऑस्ट्रॉम यांनी सर्वत्र चालणारा एकच उपाय सांगितला नाही, हे मला त्यांच्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते. ज्यांना नियम पाळायचे आहेत त्यांचा नियम ठरवण्यात वाटा असणे, देखरेख ठेवणारे वापरकर्त्यांना उत्तरदायी असणे आणि पहिल्या चुकीला सौम्य, पुढच्या चुकांना वाढती शिक्षा असणे, अशी वैशिष्ट्ये टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना आढळली. न्यूफाउंडलंडच्या छोट्या होड्यांतल्या लोकांचे निरीक्षण निर्णयापर्यंत पोहोचण्याची जागाच नव्हती. तिथली मर्यादा कागदोपत्री असूनही का कोसळली, याचे एक उत्तर यात आहे. हवेसारख्या पृथ्वीभर पसरलेल्या साधनाला गावाचा नियम पुरणार नाही, हेही तितकेच खरे. तिथे देशांमधले करारच लागतात, आणि ते घडवणे फार अवघड आहे.

वही आता बदलते आहे

या सगळ्यात एक बदल अलीकडेच झाला आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. राष्ट्रीय उत्पन्न कसे मोजावे याची आंतरराष्ट्रीय नियमावली संयुक्त राष्ट्रांचा सांख्यिकी आयोग ठरवतो. मार्च २०२५ मध्ये त्याने नवी आवृत्ती स्वीकारली, आणि तिच्यात नैसर्गिक साठ्यांची घट हा उत्पादनाचा खर्च मानला आहे. याचा अर्थ असा की निव्वळ देशांतर्गत उत्पादन काढताना यंत्रांच्या घसाऱ्याबरोबर खनिजांची आणि इतर साठ्यांची झीजही वजा होईल. देशांनी ही पद्धत २०२९-३० च्या सुमारास अमलात आणावी अशी अपेक्षा आहे. जीडीपीचा आकडा तसाच राहील. त्याच्या शेजारी येणारा निव्वळ आकडा मात्र खाणींवर आणि तेलावर चालणाऱ्या अर्थव्यवस्थांना वेगळे चित्र दाखवील.

हा बदल सगळे टिपणार नाही. परागीभवन करणारे कीटक, पूर रोखणारी पाणथळ जागा, जैवविविधता यांना बाजारभाव नसल्यामुळे त्यांचे नुकसान पैशाच्या वजाबाकीत पुरते बसत नाही, आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींना कितीही पैसा ओतला तरी पर्याय नाही. अशांसाठी पैशाच्या आकड्याऐवजी हेक्टर, टन आणि पाण्याची पातळी यांत मांडलेली सीमाच ठेवावी लागेल. शिवाय वजाबाकी करायची तर आधी मोजणी हवी: भूजलाची पातळी दाखवणाऱ्या विहिरी, जंगलाची नियमित पाहणी, माशांच्या साठ्याचा व्यापारी जहाजांवर अवलंबून नसलेला अंदाज. या कामाला धरणाइतका किंवा महामार्गाइतका पैसा लागत नाही. तरीही बहुतेक अर्थसंकल्पांत सर्वांत आधी कात्री लागते ती याच कामाला, आणि विकासदराचा आकडा वाचणाऱ्या नागरिकाने लोकप्रतिनिधीला विचारावे असे पहिले प्रश्न मोजणीचे आहेत: या वर्षी साठे किती होते, गेल्या वर्षी किती होते, आणि ते कोणी मोजले?